शेपूट हललं

चिठ्ठीवरचं अक्षर दातांच्या डॉक्टरीणबाईंचंच होतं, घाईघाईचं, एका बाजूला कललेलं, आणि डॉक्टरांसाठी दात घडवायच्या इतक्या वर्षांच्या सवयीने तो ते एका नजरेत वाचायचा. वरचा उजवा पुढचा दात, कॅप, रंगाची शेड स्वतः जाऊन बघा. त्याखाली मेव्हण्याचं नाव. आणि अगदी तळाला, जिथे बाई सहसा काहीच लिहीत नसत, तिथे एक ओळ होती: शनिवारी सकाळी सायकलवरून पडून तुटला आहे, शुक्रवारपर्यंत हवा. त्याने ती ओळ वाचली, चिठ्ठी टेबलाच्या कडेला नेहमीच्या चिमट्यात अडकवली आणि मापाच्या ट्रेमध्ये स्टोन ओतायला घेतला. स्टोन म्हणजे त्याच्या धंद्यातलं पिवळं प्लास्टर. पाण्यात कालवलं की दहा मिनिटांत दगडासारखं होतं, म्हणून स्टोन. थरथरणाऱ्या मशीनवर ट्रे धरून तो एकेका दाताच्या खाचेत तो पिवळा काला सोडत होता, बुडबुडा राहू नये म्हणून श्वास आवरत होता, आणि चौथ्या दाताशी आल्यावर त्याचा हात थांबला. शनिवारी? त्याच दुपारी बायकोने सांगितलं होतं की तिचा भाऊ बाथरूममध्ये साबणावरून घसरला. ‘गाढव आहे नुसता, चाळिशी उलटली तरी पायाखाली बघत नाही,’ असं ती म्हणाली होती, आणि तो हसला होता. रविवारी मेव्हणा सायकलगटाच्या राइडला आला नव्हता आणि गटाच्या कप्तानानेही तेच सांगितलं होतं, बाथरूम, साबण. सायकलवरून पडणं ही त्यांच्यात लपवायची गोष्ट कधीच नव्हती. उलट पडलेला माणूस गुडघा उघडा करून चार दिवस मिरवत असे. मग हा साबण कुठून आला? काला ट्रेमध्येच घट्ट होत चालला होता. आणखी जरा थांबला असता तर पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने एक माप वाया घालवलं असतं. उरलेला काला भराभर खाचांत सोडून त्याने बोटाने मशीन बंद केलं.

त्यांचा गट लहान होता. पुढे कप्तान, जो आठवडाभर उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा आणि रविवारी स्वतःच्या पायांनी चढायचा. मग भूमितीबाई, शाळेत शिकवायच्या आणि वळण किती अंशांचं आहे हे चिखलात लोळण घेतल्यावरही सांगायच्या. मग चष्मेवाला. मग मेव्हणा, ज्याला दोन चाकांवर तोल धरायला त्यानेच शिकवलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, बायकोच्या माहेरच्या अंगणात, मागून सीट धरून. आणि सगळ्यांत शेवटी तो. शहर संपलं की गोदामं लागत, गोदामं संपली की जंगल, आणि जंगलात शिरलं की पहिल्या शंभर पावलांतच टायरांना चिखल धरायचा, जड, काळा, पानं कुजून झालेला. दर फाट्यावर कप्तान थांबायचा आणि मागे ओरडायचा, ‘शेपूट?’ आणि तो शेवटचा फाट्यावर पोचला की मोठ्याने म्हणायचा, ‘हललं!’ ते ऐकल्याशिवाय कोणी पायडलवर पाय ठेवायचा नाही. तसा नियमच होता. पुढच्याने वाट दाखवायची आणि शेवटच्याने कोणी मागे राहिलं नाही याची खात्री द्यायची. चार वर्षांपूर्वी, छातीत दुखून दोन स्टेंट घातल्यावर तो परत आला त्या रविवारी, कप्तानाने सगळ्यांसमोर त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. ‘आजपासून शेपूट तू. शेपूट म्हणजे सगळ्यांत भरवशाचा माणूस. पुढे काय, कोणीही जातं.’ त्या वेळी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्याने हेल्मेटचा पट्टा आवळायच्या निमित्ताने पुसलं होतं. एखाद्याला आपण हवेसे आहोत हे कळायला पन्नाशी गाठावी लागते, आणि मग ते जपावंसं वाटतं. तो ते जपत आला होता. एकही रविवार त्याने चुकवला नव्हता. तापात गेला होता, सासऱ्यांच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी गेला होता. त्याच्याशिवाय गट हलणार कसा?

बुधवारी दुपारी तो रंगपट्टी घेऊन मेव्हण्याच्या दुकानात गेला. मेव्हणा बोर्ड छापायचा. ‘आत येण्यास मनाई’, ‘भाड्याने देणे आहे’, ‘वजन सहा माणसांचे’, असले बोर्ड भिंतीला टेकून उभे असत, आणि दुकानात शिरणाऱ्याला चारी बाजूंनी कोणीतरी हुकूम देतंय असं वाटायचं. त्याने मेव्हण्याला दारात, उजेडात खुर्चीवर बसवलं आणि तोंड उघडायला सांगितलं. ओठ अजून सुजलेला होता. त्याने पट्टीवरचे पोर्सलीनचे दात एकेक करून शेजारच्या धड दातापाशी धरले. ए-दोन रंग नव्हता. ए-तीनही नाही. मधलाच काहीतरी होता, आणि मुळाशी किंचित पिवळसर.

‘साबणावरून घसरलास ना?’ तो म्हणाला.

‘आं,’ मेव्हणा म्हणाला. उघड्या तोंडाने माणसाला दुसरं काही म्हणता येत नाही.

‘बाथरूममध्येच?’

‘आं.’

‘हनुवटीला खरचटलंय. फरशीवर खरचटतं होय?’

मेव्हण्याने तोंड मिटायचा प्रयत्न केला, पण त्याचं बोट आत होतं. क्षणभर मजा वाटली त्याला, आणि लगेच त्या मजेची लाज वाटली. त्याने बोट काढलं. दुकानाच्या मागच्या बाजूला मेव्हण्याची सायकल उभी होती, आणि तिच्या शेजारी आणखी एक, जराशी लहान चणीची, सीट खाली घेतलेली. ‘गिऱ्हाइकाची आहे, ठेवून गेलंय,’ मेव्हणा न विचारताच म्हणाला. समोरचा दात नसल्यामुळे त्याच्या शब्दांतून वारा सुटत होता. पण त्याचं स्वतःचं लक्ष त्या दुसऱ्या सायकलीकडे गेलंच नाही. तो मेव्हण्याच्या सायकलीपुढे वाकला होता. रविवारच्या वाटेवरचा चिखल काळा असतो. आणि या सायकलीच्या खालच्या दांडीला, ब्रेकच्या खोबणीत, चेनच्या मागे, जिथे जिथे पाण्याचा पाइप पोचत नाही तिथे तिथे, पिवळी माती बसली होती. रंगाच्या बाबतीत त्याला कोणी फसवू शकत नाही. त्याचं पोटच त्यावर होतं. त्या पिवळ्याला त्याने दहा पिवळ्यांतून ओळखलं असतं, कारण ती माती त्यानेच शोधून काढली होती.

आठ वर्षं झाली त्याला. दुसऱ्या फाट्यावरून डावीकडे एक पाऊलवाट झाडीत घुसायची आणि नाहीशी व्हायची. सगळे म्हणायचे पुढे काही नाही. एका रविवारी तो हट्टाने एकटाच आत गेला, सायकल खांद्यावर घेऊन कोरड्या ओढ्यातून चढला, आणि वर अचानक जंगल उघडलं. तिथे दरड होती, पिवळीजर्द, ओली, आणि तिच्या माथ्यावरून वाट जायची, एकीकडे झाडं, दुसरीकडे सगळं शहर खाली पसरलेलं, आवाज नसलेलं. तो तिथे तासभर बसून राहिला होता. येताना त्याने रुमालात मातीचा एक गोळा बांधून आणला आणि घरी बायकोच्या हातावर ठेवला. ‘बघ, हुबेहूब माझा स्टोन. फरक सांगून दाखव.’ तिने बोटांत चोळली, वास घेतला आणि म्हणाली, ‘नाही सांगता येत.’ पुढे चार वर्षं तो गटाला त्या वाटेने नेत असे, सगळ्यांच्या पुढे, तीच त्यांची खरी वाट होती, वरची वाट. मग तो आजारी पडला, आणि परत आला तेव्हा दुसऱ्या फाट्यावर दोन झाडांच्या मधे बोर्ड लागलेला होता: ‘वाट खचली आहे. पुढे जाऊ नये.’ कप्तान म्हणाला, गेल्या पावसात गेली ती. त्याला वाईट वाटलं होतं, एखादा माणूस गेल्यासारखं.

‘भाऊजी,’ मेव्हणा मागून म्हणाला, ‘चहा सांगू?’

चहाला नको म्हणायला तो वळला आणि त्याचा पाय भिंतीला टेकलेल्या एका बोर्डाला लागला. बोर्ड उलटा, तोंड भिंतीकडे करून ठेवलेला होता. दुकानातले बाकी सगळे बोर्ड सरळ होते. त्याने तो फिरवला. रंग अजून ओला असल्यासारखा चमकत होता: ‘वाट खचली आहे. पुढे जाऊ नये.’

‘जुना पावसाने पुसट झाला होता,’ मेव्हणा म्हणाला आणि मग त्याला आपण काय बोललो ते कळलं. तो खाली स्टुलावर बसला. ‘भाऊजी, तुम्ही समजताय तसं नाहीये हो ते.’

‘कसं आहे मग?’

‘शनिवारी जातो आम्ही. वर. पुष्कळ झालं त्याला. चढ फार आहे तो, तुमचं हे झाल्यावर... ताई रडली हो कप्तानापुढे. म्हणाली, बंद करा म्हटलं तर ते ऐकायचे नाहीत, तुम्हीच काहीतरी करा. मग कप्तानाने हे डोकं लढवलं. बोर्डाचं. आणि ते शेपटाचं.’

‘शेपटाचं काय?’

रस्त्यावरून एक मालाची गाडी उलटी येत होती, तिची पिपाणी वाजत राहिली.

‘आधी शेपूट नव्हतं?’ त्याने विचारलं. खरं तर त्यालाही आठवत होतं. तो पुढे असायचा तेव्हा मागे कोण आहे याची चौकशी कोणी केल्याचं त्याला आठवत नव्हतं.

‘लागतंच कशाला, भाऊजी? पाच तर टाळकी आपण. पण तुम्ही मागे राहणार, मग तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून... शनिवारी आम्ही नाही ओरडत काही.’ आणि मग तो एकदम पुढे वाकला, सुजलेल्या ओठाने, लहानपणी सीट सोडू नका म्हणायचा त्याच आवाजात म्हणाला, ‘मी बोललो म्हणून ताईला सांगू नका. माझी शपथ आहे.’

त्याने रंगपट्टी खिशात घातली. ‘शुक्रवारी मिळेल दात,’ तो म्हणाला आणि बाहेर पडला.

रस्ता ओळखीचा होता आणि तरी तो दोनदा चुकला. ‘हललं!’ म्हणजे किती मोठ्याने ओरडायचा तो, पोटातून आवाज काढून. एकदा भूमितीबाई त्यावर हसल्या होत्या आणि त्याला वाटलं होतं की त्या खूश झाल्या. शेपूट हलवणं म्हणजे काय हे त्याला माहीत नव्हतं का? शाळेतल्या पोराला माहीत असतं. तो जे करत होता ते चारचौघांत शेपूट हलवणंच होतं, दर रविवारी, दर फाट्यावर, चार वर्षं, आणि सगळे थांबून, घाम पुसत, ते बघत होते. किती सांभाळून घेतलं त्यांनी त्याला! त्याला राग यावा म्हणून त्यांनी काहीच केलेलं नव्हतं, आणि म्हणूनच राग कुठे ठेवावा ते त्याला कळेना. कोणी दगा दिला तर माणूस चार शिव्या घालून मोकळा होतो. यांनी तर जीव लावला होता. कप्तान दर शनिवारी बोर्ड बाजूला करत असेल आणि परत येताना न विसरता जागच्या जागी लावत असेल, त्याच्यासाठी. एखाद्या शनिवारी विसरले असते तर? विसरले नव्हते. दोनशे शनिवारांत एकदाही नाही. इतकी शिस्त लोक लग्न टिकवायलासुद्धा पाळत नाहीत, असं त्याच्या मनात आलं आणि त्याने तो विचार झटकला, कारण बायकोला त्याने यातून बाजूला काढून ठेवलं होतं. ती भ्यायली होती. ती रात्ररात्र त्याच्या छातीवर हात ठेवून जागी असायची, श्वास मोजत, हे त्याने झोपेचं सोंग घेऊन पाहिलं होतं. भ्यायलेल्या माणसाचं खोटं वेगळं. बाकीच्यांना नाही, पण तिला माफ करता येत होतं, आणि कोणाला तरी माफ करता येतंय याचा त्याला मोठा आधार वाटला.

दात त्याने गुरुवारी बसून केला. थरावर थर चढवत, भट्टीतून काढून, उजेडाकडे धरून, पुन्हा चढवत. दुपारी एक वेळ अशी आली की समोर दोन बाटल्या होत्या, आणि एका बाटलीतली चिमूटभर पूड जास्त पडली असती तर दात शेजारच्यापेक्षा नखभर पांढरा झाला असता. कोणालाही कळलं नसतं. फक्त मेव्हणा हसला की त्याला एकट्याला, घडवणाऱ्याला, दिसलं असतं, आयुष्यभर, कौटुंबिक फोटोंत, जेवणाच्या टेबलावर, एक खोटा दात खोटा म्हणून. त्याने ब्रश बाटलीत बुडवलाही. मग तो धुऊन टाकला. त्याच्या हातून तसला दात होणं शक्यच नव्हतं, आणि त्या अशक्य असण्याचीही त्याला चीड आली. दात इतका बेमालूम झाला की शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनी मुद्दाम फोन करून सांगितलं, खरा कुठला ते मलाच शोधावं लागलं.

शनिवारी सकाळी बायको साडेसहालाच बाहेर पडली. कॉलेजच्या ग्रंथालयात तिची शनिवारची जादा पाळी सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. वरची कपाटं लावायची, शिडीवर चढउतार करायची, शिपाई लोक दाद देत नाहीत, असं ती सांगायची. तिला ती पाळी मानवली होती हे मात्र खरं. शनिवारी ती भुकेजून यायची, गाल तांबूस, दोन पोळ्या जास्त खायची आणि दुपारी मेल्यासारखी झोपायची. तो स्वतः शनिवारी दोनपर्यंत कामावर असे, त्यामुळे घरी येईपर्यंत तिची अंघोळ झालेली असे आणि मोरीत पिवळा गाळ बसलेला असे. ‘तुझा तो स्टोन पुन्हा जाळीत अडकलाय,’ ती म्हणायची. ‘कपड्यांवर घेऊन येतोस आणि मग पाणी तुंबतं.’ तो ओशाळायचा. अॅप्रन कामावरच ठेवायला लागला, बूट दाराबाहेर झटकायला लागला, तरी गाळ यायचाच, आणि जुन्या चमच्याने तो खरवडून काढत तो दर वेळी म्हणायचा, सॉरी, पुढच्या वेळी काळजी घेतो. त्या शनिवारीही त्याने मुकाट्याने तो काढला. संध्याकाळी ती नेहमीसारखी कोचावर पाय पसरून बसली आणि त्याने नेहमीसारखं तेल गरम करून तिच्या पोटऱ्या चोळून दिल्या. शिडीने भरून येतात, ती म्हणायची. त्याच्या अंगठ्यांना तिचे स्नायू आता चांगले घट्ट लागत, तरुण मुलीसारखे, आणि त्याला त्याचं कौतुक वाटायचं. आज सांगावं, त्याला वाटलं. सांगावं की मला सगळं कळलंय, आणि तुझ्यावर माझा राग नाही. पण शपथ होती, आणि तिचे डोळे मिटलेले होते.

‘उद्या जपून जा,’ ती डोळे न उघडता म्हणाली.

‘शेपटाला काय होतंय?’ तो म्हणाला. तिच्या पोटरीचा स्नायू त्याच्या हाताखाली जरासा ताठला, किंवा त्याला तसं वाटलं.

रविवारी सकाळी जंगल दंवाने निथळत होतं. मेव्हणा आला होता, नवा दात घेऊन, आणि त्याच्याकडे बघायचं टाळत होता. चष्मेवाला म्हणाला, ‘बाथरूममध्ये तरी हेल्मेट घालत जा,’ आणि सगळे हसले, मेव्हणाही हसला, आणि दात खरोखरच फार छान दिसला. ते एका रांगेत आत शिरले. काळा चिखल टायरांखाली पचपचत होता, भूमितीबाईंच्या मागच्या चाकातून उडणारे शिंतोडे चष्मेवाल्याच्या तोंडावर बसत होते आणि तो, ‘बाई, कोन बदला कोन,’ असं ओरडत होता. हे सगळं त्याला किती आवडायचं! आजही आवडत होतं, हेच वाईट होतं. तो मागून त्यांच्या पाठी बघत होता, चार पाठी, आणि प्रत्येक पाठीला त्याच्याहून जास्त माहीत होतं. दुसऱ्या फाट्यावर नवा बोर्ड लागला होता. सगळे बोर्डाकडे पाठ करून थांबले होते, थोडे जास्तच सहज.

‘शेपूट?’ कप्तान ओरडला.

तो फाट्यावर पोचला, एक पाय टेकला, श्वास घेतला. मेव्हण्याने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

‘हललं!’ तो म्हणाला. अगदी नेहमीसारखं, पोटातून.

रांग उजवीकडे वळली आणि झाडांत दिसेनाशी झाली. त्याने त्यांचे आवाज विरेपर्यंत वाट पाहिली. मग बोर्ड उचलला, नीट झाडाला टेकवून ठेवला आणि डावीकडे शिरला. वाट खचली बिचली नव्हती. उलट तो चार वर्षांपूर्वी सोडून गेला होता त्याहून ती जास्त रुळलेली होती, फांद्या छाटलेल्या, ओढ्यातले अडचणीचे दगड कोणीतरी हलवून पायरीसारखे लावलेले. तो थोडं चालवत, जास्त ढकलत वर चढला. दर वीस पावलांवर थांबला, मनगटावर बोट ठेवून मोजलं, पुन्हा चढला. छातीत धडधडत होतं, पण ती चढाची धडधड होती, दुसरी नव्हती. त्या दुसरीला तो चांगलाच ओळखत होता. मरणाची भीती वाटेल असं त्याला वाटलं होतं, ती वाटली नाही. मग जंगल उघडलं. पिवळी दरड होती तिथेच होती. खाली शहर होतं, आवाज नसलेलं. तो सायकल आडवी टाकून ओल्या मातीवर बसला आणि त्याला हुंदका आला, एकच, आणि तो त्याने येऊ दिला. आलो की मी, असं तो मोठ्याने म्हणाला. मला कोणी विचारायला तर हवं होतं.

वाटेवर कालचे चाकांचे माग ताजे होते. मातीने ते नेमके उचलले होते, एखाद्या साच्यात दात उमटावेत तसे. त्याने ते आपल्या सवयीने वाचायला घेतले. कप्तानाचे रुंद टायर. मेव्हण्याचा मागचा, ज्याच्या कडेचे दोन रबरी खिळे झिजलेले होते. चष्मेवाल्याची नक्षी. भूमितीबाई, सरळ रेघ. म्हणजे चार. पण पाचवा माग होता. हलक्या माणसाचा, उथळ उमटलेला, कुठेही न डगमगलेला, दोन ठिकाणी तर कप्तानाच्या मागावरून पुढे गेलेला. नवं कोणी घेतलेलं दिसतंय, त्याला वाटलं. आपली जागा भरलीसुद्धा. त्याने मातीचा गोळा उचलला आणि बोटांत मळत बसला, आणि नकळत, कामावर करतो तसा, तो घट्ट होण्याची वाट बघू लागला. पाच मिनिटं झाली. दहा झाली. गोळा मऊच होता. अर्थात मऊच राहणार, ही माती आहे, स्टोन नव्हे. स्टोन एकदा पाण्याला लागला की दगड होतो. तो जाळीत गेला असता तर छिन्नीने फोडावा लागला असता, चमच्याने निघालाच नसता. दोन वर्षं दर शनिवारी मोरीतला गाळ चमच्याने निघत होता. लोण्यासारखा निघत होता. पंचवीस वर्षं ज्याने दुसरं काही कालवलं नाही त्या माणसाला हे कळू नये? तो गोळ्याकडे बघत राहिला आणि त्याच्या पुढचा विचार त्याने केला नाही.

फोन पाठीवरच्या पिशवीत केव्हापासून थरथरत होता. कप्तानाचे सात, मेव्हण्याचे चार. तिसऱ्या फाट्यावर ते उभे असणार, ‘शेपूट? शेपूट?’ ओरडत, आणि आज पहिल्यांदा त्या ओरडण्याला काही अर्थ असणार. त्याने ते तसेच जाऊ दिले. मग बायकोचा आला, आणि तो त्याने घेतला.

‘कुठे आहेस तू?’ तिचा आवाज फाटलेला होता. ‘त्यांचा फोन आला, तू मागे नाहीस म्हणून. बरा आहेस ना? छातीत काही...’

‘बरा आहे. वर आहे मी.’

‘वर?’

‘वरच्या वाटेवर. दरडीपाशी.’

ती घाईघाईने, एका दमात बोलली, रस्ता ओलांडणाऱ्या मुलाला आई सांगते तशी. ‘बरं, ऐक. उतरताना त्या दोन मोठ्या दगडांच्या मधून येऊ नकोस. मधे खड्डा आहे, वरून दिसत नाही, तिथेच तो पडला. डाव्या कडेने ये. मुळं आहेत तिथे, चाक धरतं. आणि पुढचा ब्रेक...’

ती थांबली. फोनमध्ये फक्त तिचा श्वास होता आणि मागे मोरीतला नळ गळत होता, जो त्याने या आठवड्यात दुरुस्त करायचं कबूल केलं होतं. त्या सगळ्या शनिवारांच्या संध्याकाळी त्याच्या अंगठ्यांखालून एकेक करून गेल्या. बोटांवरची माती अजून ओली होती.

‘पुढचा ब्रेक काय?’ त्याने विचारलं.

‘हलकेच दाब,’ ती म्हणाली. मग, ‘मी तुला सांगणार होते.’

‘बरं,’ तो म्हणाला आणि फोन ठेवला.

दोन मोठ्या दगडांपाशी येऊन तो थांबला. मधली जागा सपाट दिसत होती, सुकलेली, अगदी निर्धोक. एखादा सरळ तिथूनच गेला असता. त्याने हँडल डावीकडे वळवलं. मुळं होती, आणि चाकाने ती धरली. डावी कड खरंच टणक होती.